बायकांची पाठ

पाणी बंद केलं की पाट खरा किती खोल आहे ते कळतं. एरवी काठोकाठ भरून गुपचूप वाहणारा पाट आता उघडा पडला होता. त्याच्या डाव्या अंगाची दगडी भिंत मध्येच पोट फुटल्यासारखी खाली आली होती. बरेच महिने धरणातून पाणीच सुटलं नव्हतं. माती सुकली, आकसली, भेगा पडल्या. पाठीमागची मातीच सरकल्यावर पुढच्या दगडांनी कुणाच्या भरवशावर उभं राहायचं?

ती भिंत पुन्हा उभी करायचं काम ओळंब्याच्या घराकडे आलं होतं. ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे की नाही ते बघायला दोरीला टांगतात तो लोखंडी गोळा. पण त्या म्हाताऱ्या गवंड्यालाच सगळे ओळंबा म्हणत, कारण तो तसाच होता. सरळ, जड आणि मुका. त्याची बायको, मुलगा आणि सून ही घरची माणसं, शिवाय दगड-माती वाहायला काही बाप्ये आणि बायका. महिनाअखेरीला धरणातून पाणी सुटणार होतं. त्याआधी भिंत पुरी झाली नाही, तर अर्धीमुर्धी भिंत पहिल्या लोंढ्याबरोबर जाणार आणि खालच्या शेतांचं पाणी इथंच फुटून वाया जाणार. पाटाची राखण करणारा पाटकरी रोज सायकलवरून येऊन हे ऐकवून जायचा. जशी काही ही माणसं विसरलीच होती.

सून सकाळपासून घमेल्यात भिंतीसाठी कालवलेला गारा भरून उतारावरून खाली नेत होती. वर चढताना हात रिकामे असायचे, तरी तिला तेच जड जात होतं. डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीखाली, कुणीतरी आतून अंगठा रोवून धरल्यासारखं होत होतं. पाठ दुखण्याची तिला सवय होती. दगड वाहणाऱ्या बाईची पाठ दुखायची नाही तर काय कपाळ दुखणार? पण ती नेहमीची पाठ वाकलं की बोंब मारायची आणि आडवं झालं की गप्प बसायची. ही पाठ वाकलं तरी तेच म्हणत होती, ताठ झालं तरी तेच. कशानंच गप्प बसेना.

“काय गं, तोंड का असं? लिंबू चावलंस का?” मागून येणाऱ्या बाईनं विचारलं. तिला सगळे रेडिओ म्हणत. घमेलं डोक्यावर असो नाही तर खाली, तिचं चालूच.

“पाठ धरलीय.”

“मग काळजी कसली? घरचाच दवाखाना तुझा. लोक लांबून गाडी करून येतात तुझ्या सासूची लाथ खायला. तुला घरबसल्या.”

यात थट्टा होती तशी खरी गोष्टही होती. सासूबाई पायाळू. जन्माला येताना डोकं आधी यायचं ते पाय आधी आलेले. अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते असं लोक मानत, आणि सासूबाईंच्या बाबतीत डोळे झाकून मानत. गडी पालथा पडायचा. सासूबाई पदर खोचून, देवाचं नाव घेऊन त्याच्या कमरेवर डावा पाय ठेवायच्या आणि अंगाचा भार हळूहळू सोडायच्या. कुठं थांबायचं ते त्या पायाला बरोबर कळायचं. गडी उठून चालायला लागायचा. त्याबद्दल त्यांनी कधी काही घेतलं नाही. “पाय देवानं उलटा दिला, तो माझा थोडाच आहे?” म्हणायच्या.

काठावर त्यांनी राहायला ठोकलेल्या पालाच्या सावलीत पाण्याचा माठ होता. बाप्ये येता-जाता तांब्या बुडवत, घटाघटा पीत, उरलेलं डोक्यावर ओतून घेत. बायका त्या माठाकडे बघतसुद्धा नसत. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच कामावर सून पाणी प्यायला गेली होती, तेव्हा सासूबाईंनी तिच्या हातातला तांब्या हळूच काढून घेतला होता.

“आणि मग नंतर जाणार कुठं?”

तेही असंच पाटाचं काम. तिनं चहूकडे पाहिलं होतं. एका काठाला रस्ता, दुसऱ्या काठाला मोकळी जमीन, मध्ये उघडा पाट. झुडूप म्हणावं असं झुडूप नाही. बाप्ये काठापलीकडे पाठ फिरवून उभे राहत आणि मोकळे होत. बायकांनी उजाडायच्या आत जायचं आणि मग अंधार पडल्यावर. मधला सगळा दिवस कोरडा. ती ते शिकली. इतकं चांगलं शिकली की सासूबाई चारचौघींत कौतुक करायच्या, “माझी सून भर उन्हात दिवसभर थेंब घेत नाही. तक्रार म्हणून नाही.”

तक्रार तिनं आताही केली नव्हती. काही दिवसांपासून लघवीला जळजळ होत होती. सारखं जावंसं वाटे, गेलं तर चार थेंब. ते तर कुणाला सांगायचंच नसतं. तिनं पाणी आणखी कमी केलं.

दिवस कलला तसं तिच्या हातातलं घमेलं निसटलं. गारा उतारावर सांडला.

“अगं, लक्ष कुठंय?” खालून नवरा ओरडला. “पाटकऱ्याला आधीच निमित्त हवंय!”

ती खाली बसून हातानं गारा गोळा करायला लागली. दिवसभराच्या तापलेल्या दगडांतून वाफा येत होत्या आणि तिला थंडी वाजत होती. दात एकमेकांवर आपटत होते. सासूबाई वरून बघत होत्या. त्या खाली उतरल्या, तिच्या हातातली माती झटकली आणि दंडाला धरून तिला पालाकडे घेऊन गेल्या.

“ऊन लागलं असेल,” मागोमाग आलेला नवरा म्हणाला.

“पालथी हो,” सासूबाई सुनेला म्हणाल्या.

काम सुटलं होतं. सगळी माणसं हातपाय धुऊन पालाभोवती जमली. पायाळूबाईंचा पाय बघायला मिळणार म्हणून नव्हे, ते तर रोजचंच होतं. पण घरच्याच माणसाच्या पाठीवर पाय ठेवताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

सून गोधडीवर पालथी पडली. गाल जमिनीला लागलेला, त्यामुळे तिला फक्त तो पाय दिसत होता. गाऱ्यानं करडा झालेला, टाचेला भेगा, अंगठा जरा वाकडा. त्या पायाची तिला कधी भीती वाटली नव्हती, आज वाटली. पाय वर गेला. पाठीवर नुसता अंगठा टेकला. बरगडीखाली डावीकडे, बरोबर तिथंच. तिच्या घशातून आवाज निघाला.

अंगठा थांबला. जरा सरकला. परत थांबला. मग पाय उचलला गेला आणि तिच्या डोळ्यांपुढे जमिनीवर येऊन टेकला.

सासूबाई तिच्या कानाशी वाकल्या. “कोणती पाठ गं ही?”

“पाठच, आत्या.”

“आपल्यात पाठी दोन असतात. एक ओझ्याची आणि एक बायकांची. ही कोणती?”

बाप्यांना हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं. त्या घरात आणि त्या कामावर बायकांना जे काही पुरुषांसमोर म्हणता येत नसे, त्याला ‘पाठ धरली’ म्हणायचं. महिन्याचं दुखणं म्हणजे पाठ. अंगावरून जाणं म्हणजे पाठ. जळजळ म्हणजेही पाठ. सगळी लाज त्या एका पाठीवर लादलेली.

सासूबाईंनी मान वर केली. “अरे, जा, पालाची दोरी घट्ट करून ये.”

“घट्टच आहे, आई,” मुलगा म्हणाला.

“मग सैल करून ये!”

तो गेला. बाकीचेही दोन पावलं मागं सरकले.

“बायकांची,” सून पुटपुटली. “जळतं, आत्या. कधीपासून जळतंय.”

“आणि मला बोलली नाहीस?”

“तुम्ही म्हणाला असता…”

“काय म्हणाले असते मी?”

सुनेनं तोंड गोधडीत लपवलं. सासूबाईंनी तिच्या मानेला हात लावून पाहिला.

“द्या की दाबून, मावशी,” लांबून दाढीवाला गडी म्हणाला. “मला कसं एका लाथेत उभं केलंत! ही उद्या पळत कामाला येईल.”

“तुझी पाठ पायाखाली लाकडासारखी ताठली होती. ही मऊ आहे आणि आतून तापलीय.” सासूबाईंनी खोचलेला पदर सोडला. “ही पाठ माझ्या पायाची नाही. हिला सकाळी दवाखान्यात न्यायची.”

ज्या पायावर लोकांनी एवढा विश्वास टाकला, तोच पाय सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मागे घ्यायचा आणि इथं माझं चालत नाही म्हणायचं. याला किती मोठं मन लागतं! जमिनीला गाल लावून पडलेल्या सुनेला तापातही ते कळलं. तिला वाटलं, देव जर कुठं पायाशी भेटत असेल तर तो याच पायाशी.

“कामाचं काय?” मुलगा परत येऊन म्हणाला. “तुम्ही दोघी नसलात तर…”

“भिंत पडली तर परत बांधता येते,” सासूबाई म्हणाल्या.

ओळंबा दोरी गुंडाळत उभा होता. त्यानं एकदा मान हलवली. म्हणजे ठरलं.

दवाखाना बाजाराच्या गावी होता. सासूबाई सुनेला एका भाजीच्या टेम्पोत, पोत्यांवर बसवून घेऊन गेल्या. बाकावर गर्दी होती. नर्सनं एक छोटी बाटली हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “लघवी आणा यात. आतल्या अंगाला दार आहे.” सुनेनं बाटली पदराखाली घातली आणि मान खाली करून गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा बाटलीच्या बुडाशी गढूळ, चहासारखं काहीतरी होतं.

“एवढंच?” नर्स म्हणाली.

“एवढंच आलं,” सून म्हणाली. ती रडायच्या बेतात होती. सासूबाईंनी बाटली तिच्या हातातून घेतली आणि प्रसादाची वाटी द्यावी तशी नर्सच्या हातात सरळ दिली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. आधी विचारलं, “दिवस गेलेत का?” सासूबाई एकदम पुढे झुकल्या. सून “नाही,” म्हणाली तशा परत मागे टेकल्या. मग डॉक्टरीणबाईंनी सुनेला बसवून कमरेच्या वर, दोन्ही बाजूंना मुठीनं हलकेच ठोकून पाहिलं. उजवीकडे काही नाही. डावीकडे ठोकताच सून टेबलावरून उठलीच.

“पाठ दुखते म्हणून सगळेच येतात,” त्या हात धुता धुता म्हणाल्या. “बहुतेकांची पाठ ओझ्यानं दुखते. हललं की वाढते, शेकलं, पडून राहिलं की बरी वाटते. मुतखड्याची कळ वेगळी. ती थांबून थांबून येते, पुढं जांघेत उतरते, माणसाला एका जागी बसू देत नाही. आणि ताप, थंडी, जळजळ आणि ही इथली पाठ, असं सगळं एकदम आलं की समजायचं, जंतू खालून वर चढत मूत्रपिंडापर्यंत पोचलेत. यांचं तेच झालंय. आणखी अंगावर काढलं असतं तर अवघड होतं.”

“मी पाय दिला असता तर?” सासूबाईंनी विचारलं. आणि मग पायाळूपणाचं सगळं सांगितलं, काही न लपवता.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “पायानं काही फुटलं नसतं. पण उद्या बरं वाटेल, परवा बरं वाटेल म्हणून तुम्ही घरी थांबला असता. ते वाईट झालं असतं. बरं केलंत, आलात.” मग सुनेकडे वळून त्यांनी विचारलं, “पाणी किती पिता दिवसभरात?”

सुनेनं सांगायच्या आधीच सासूबाई, तोंडाला सवयच होती, ताठ मानेनं म्हणाल्या, “थेंब घेत नाही हो! आमच्या घरातल्या बायकांना दिवसभर पाणी…”

आणि तिथंच थांबल्या.

सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं होतं, शब्द मात्र आत परत गेला होता. सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. ते बघू नये असं तिला वाटलं.

“का नाही पीत?” डॉक्टरीणबाईंनी हळू विचारलं.

“जाणार कुठं?” सासूबाई म्हणाल्या. हे वाक्य त्या आयुष्यभर म्हणत आल्या होत्या, पण आज पहिल्यांदा त्याच्या शेवटी खरंच प्रश्न होता.

“सुई देते, गोळ्या देते. गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. ताप उतरला नाही किंवा पोटात काही ठरेना झालं तर तडक मोठ्या दवाखान्यात. आणि पाणी भरपूर. पण जाणार कुठं, त्याचं औषध माझ्याकडे नाही, आजी.”

दुसऱ्या दिवशी सून पालात पडून होती. ताप अजून होता, पण आतला अंगठा जरा सैल झाला होता. उशाशी तांब्या भरलेला. सासूबाई येता-जाता तो डोळ्यांनीच मोजत आणि पुन्हा भरून जात.

अजून ऊन चढलं नव्हतं. पालाच्या फटीतून सुनेला दिसलं की सासूबाई भिंतीसाठी रचलेल्या ढिगातून दगड उचलतायत आणि खाली पाटात न नेता काठावर, पालाच्या पलीकडे, नेऊन टाकतायत. एक टाकला, दुसरा टाकला.

“आई, काय चाललंय?” मुलगा खालून ओरडला. “इकडं दगड कमी पडतायत!”

“आडोसा बांधतेय.”

“कशाला?”

“बायकांना जायला.”

खाली कुणीतरी खुदकन हसलं. मुलाचा चेहरा लाल झाला. “आई, पाणी सुटायला आलंय! हे काय मध्येच? काम झाल्यावर बघू.”

“काम झाल्यावर आपण इथं असणार आहोत का रे?”

तेवढ्यात सायकलची घंटा वाजली. पाटकरी उतरला, ढिगाकडे बघितलं, काठावरच्या दगडांकडे बघितलं. “ओ बाई! पाटाचे दगड आहेत ते! सरकारी!”

“सरकारला कुठं उचलून नेतेय मी घरी? इथंच लावतेय. काम झालं की मोकळे करून देईन, घे मोजून.”

“आणि भिंत? पाणी काय थांबणार आहे तुमच्या आडोशासाठी?”

सासूबाईंनी हातातला दगड खाली ठेवला नाही. दगड पोटाशी धरून त्या उभ्या राहिल्या. सगळी माणसं काम सोडून बघत होती, मुलगा मान फिरवून उभा होता. सुनेनं पालात डोळे मिटून घेतले. माझ्यामुळे, तिला वाटलं. माझ्या एका पाठीमुळे आत्यांना हे ऐकावं लागतंय.

तेव्हा ओळंबा पाटातून वर चढला. सावकाश, गुडघ्यावर हात टेकत. पाटकऱ्यापुढे येऊन उभा राहिला.

“पाट का फुटला?” त्यानं विचारलं.

पाटकरी गोंधळला. ओळंबा बोलतो, हेच त्याला माहीत नव्हतं. “का म्हणजे… कोरडा राहिला. भेगा पडल्या.”

“हां,” ओळंबा म्हणाला.

एवढंच म्हणाला. खांद्यावरची दोरी काढली, बायकोच्या हातातला दगड घेतला, कोपऱ्याला बसवला आणि त्यावर गोळा सोडला. दोरी हलली, थांबली. दगड बोटभर बाहेर होता. त्यानं तो काढला आणि पुन्हा बसवला.

“अहो, आडोसाच आहे तो,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चिरकला. “वाकडा असला तरी चालेल.”

ओळंब्यानं मान हलवली. चालणार नव्हतं.

मग रेडिओनं घमेलं उचललं. “बघत काय उभे राहिलात? या एकदा इकडं सगळे, म्हणजे लवकर उरकेल आणि तिकडं वळता येईल!” दाढीवाला आला. सगळ्यांत शेवटी मुलगा आला. कुणाकडे न बघता त्यानं दगडांना हात लावला आणि मग असा लागला की दुसऱ्याला उचलायची पाळीच येऊ देईना.

दुपारपर्यंत आडोसा उभा राहिला. तिन्ही बाजूंनी डोक्याइतका उंच, पुढे वळण देऊन झाकलेलं तोंड. दगडाला दगड असा बसलेला की पाणीसुद्धा धरून ठेवील. एवढ्या साध्या जागेसाठी एवढी सरळ भिंत कुणी बांधली नसेल.

जेवणाची वेळ झाली. बायका फडकी सोडून बसल्या. माठ जिथल्या तिथं होता, आणि कुणीच उठेना. जागा झाली, पण सवय कुठं जाते? सगळ्यांसमोर पाणी प्यायचं म्हणजे सगळ्यांसमोर कबूल करायचं की मग आपल्यालाही जावं लागतं.

सासूबाई उठल्या. माठापाशी गेल्या. तांब्या काठोकाठ भरला आणि सगळ्या बाप्यांच्या देखत उभ्यानं तोंडाला लावला. म्हातारा गळा हलताना दिसत होता. त्या प्यायल्या आणि पुन्हा भरून प्यायल्या. हनुवटीवरून पाणी ओघळलं, पदर भिजला. मग तोंड पुसलं, तांब्या माठावर ठेवला आणि सरळ चालत आडोशाच्या आत गेल्या.

कुणाला कुठं बघावं ते कळेना. दाढीवाल्यानं आभाळ बघायला घेतलं.

सासूबाई बाहेर आल्या. “काय बघताय? भिंत काय आपोआप उभी राहणार आहे?”

रेडिओ माठाकडे धावली.

पाणी सुटलं त्याच्या आदल्या संध्याकाळी भिंतीचा शेवटचा दगड बसला. तोवर सून पुन्हा कामाला लागली होती. ओझं नाही, पण बसून सांध्यांत दगडाच्या चिपा भरण्याइतकी. सकाळी सगळे काठावर उभे राहिले. आधी आवाज आला, मग मातकट फेसाळ तोंड करून पाणी आलं, भिंतीला धडकलं, भिंत जोखून बघितल्यासारखं जरा थांबलं आणि मुकाट पुढं निघून गेलं. ओळंबा दोरी गुंडाळत होता. मुलानं आणि दाढीवाल्यानं पहारी घेतल्या आणि बोलल्याप्रमाणे आडोशाचे दगड मोकळे करायला निघाले.

“थांबा,” पाटकरी म्हणाला. सायकलची मूठ उगाच घट्ट धरून तो उभा होता. “राहू दे तो.”

“का? सरकारी ना?” सासूबाई म्हणाल्या.

“घरून निरोप आहे. बायको डबा घेऊन येते रोज इतक्या लांब. रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या इतर बायकाही…” त्यानं घंटेवरची धूळ बोटानं पुसली. “तिची पाठ धरायची हो नेहमी.”

सासूबाईंनी पदर सावरला. “कोणती पाठ?”

पाटकऱ्यानं रेडिओकडे पाहिलं. म्हणजे रेडिओनं सगळं आधीच सगळीकडे पोचवलं होतं. त्याचे कान लाल झाले. चार बाप्यांच्या देखत, पायाच्या अंगठ्याकडे बघत, पण नीट ऐकू येईल असं तो म्हणाला,

“बायकांची.”

मुलानं पहार खाली ठेवली. आणि सुनेनं उशाशी ठेवायचा तो तांब्या वाहत्या पाण्यात बुडवून विसळला, माठातून काठोकाठ भरला आणि आधी सासूबाईंच्या हातात दिला.